करवतीचे बळ : यंत्रात की दातात?

चैत्र लागला की आपल्या साक्री तालुक्यात दोन आवाज हटकून कानी पडतात. एक संध्याकाळचा, व्याख्यानाच्या कर्ण्याचा. आणि दुसरा सकाळचा, शेताच्या बांधावरून येणारा, साखळी-करवतीचा. पावसाळ्यापूर्वी बांधावरच्या बाभळी छाटायच्या असतात, एखादा वाळलेला निंब पाडायचा असतो. पूर्वी ज्या कामासाठी दोन गडी समोरासमोर बसून दिवसभर आरा ओढीत, ते काम आता एक माणूस घटकाभरात उरकतो. बाजारात या यंत्राला ‘चेनसॉ’ म्हणतात. आपण साखळी-करवत म्हणू.

परंतु माणसाचे समाधान फार काळ टिकत नाही. करवत घेऊन वर्ष झाले की मालक कारागिराकडे जातो आणि म्हणतो, “ही आणखी जोरात चालली पाहिजे.” मग कोणी सायलेन्सर फोडून मोकळा करतो, कोणी साखळी फिरवणारे दातेरी चाक बदलतो, तर कोणी साखळीचे दातच कानशीने घासून वेगळे करतो. यंत्र मोठ्याने ओरडू लागते आणि मालक खूष होऊन घरी जातो. प्रश्न असा की, ते खरोखरच जास्त कापू लागते काय? आणि कापत असेल, तर हे ओळखायचे कसे? आज आम्ही याच दोन प्रश्नांचा विचार करणार आहोत.

प्रथम थोडा इतिहास पाहू. जर्मनीत आंद्रेआस स्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी साखळी-करवत बनवली. पुढच्याच वर्षी एमिल लेर्प यांनी पेट्रोलवर चालणारी करवत डोलमार नावाच्या डोंगरावर चालवून पाहिली. इंजिन आले, साखळी आली. पण त्या साखळीचे दात जुन्या हातकरवतीसारखेच होते. ते लाकूड ओरबाडत आणि बारीक भुसा पाडत. शिवाय त्यांना धार लावण्यात फार वेळ जाई. ही अडचण इंजिन मोठे करून सुटली नाही. १९४६ साली अमेरिकेतील ओरेगॉन प्रांतात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने एका बुंध्यात लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती अळी आपले वाकडे जबडे डावीकडे-उजवीकडे चालवीत, उभ्या-आडव्या रेषांची पर्वा न करता, लाकूड खात पुढे जात होती. कॉक्सने तशाच वाकड्या दातांची साखळी तयार केली आणि १९४७ पासून ती विकायला सुरुवात केली. आज जगभर जी साखळी वापरतात ती बहुतेक याच जातीची. तात्पर्य, या यंत्राची मोठी सुधारणा झाली ती इंजिनात नव्हे, दातात.

हा दात कसा काम करतो, हे आपल्या सुताराचा रंधा डोळ्यांपुढे आणला म्हणजे सहज समजते. रंध्याचे पाते लाकडी ठोकळ्यातून केसभर बाहेर आलेले असते. ते जितके बाहेर, तितकी ढलपी जाड. करवतीच्या साखळीत प्रत्येक दाताच्या पुढे एक लहानसा उंचवटा असतो. तो रंध्याच्या ठोकळ्याचे काम करतो. दाताच्या टोकापेक्षा हा उंचवटा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा लागतो. एवढ्याच जाडीचा घास दाताने घ्यावा, अशी ही योजना आहे. दात घासता घासता त्याची उंची कमी होते आणि उंचवटा मात्र तसाच राहतो. मग दाताला कितीही धार असली तरी तो लाकडापर्यंत पोचतच नाही. पुष्कळ ‘मंदावलेल्या’ करवतींचे दुखणे एवढेच असते.

उलट, उंचवटा जास्त घासला तर घास मोठा होतो. आम्हीही एकदा हा लोभ केला. मऊ फांदीवर करवत झपाट्याने चालली. पण वाळलेल्या बाभळीवर टेकवताच हिसके देऊ लागली, अडकू लागली आणि इंजिन धापा टाकू लागले. मोठा घास घ्यायचा तर तो चावण्याची ताकदही हवी, हा साधा विचार आम्ही केला नव्हता.

धारेचा कोनही असाच महत्त्वाचा आहे. झाड आडवे कापायचे असेल तर दाताला साधारण ३० अंशांचा कोन देतात. वखारीत ओंडका उभा चिरून फळ्या काढायच्या असतील तर १० अंशांच्या आसपास कोन ठेवतात. सागाच्या लाकडात वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे त्यावर धार लवकर जाते. करवत भुसा पाडू लागली की ती बोथट झाली आणि ढलप्या पाडीत असेल तर ती धारदार आहे, ही खूण लक्षात ठेवावी.

आता यंत्राकडे वळू. ३/८ इंची साखळी चाकाच्या दर दातामागे पाऊण इंच पुढे सरकते. चाकाला ७ दात असतील आणि ते मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल, तर साखळी सेकंदाला सुमारे २२ मीटर धावते. त्याच फेऱ्यांत ८ दातांचे चाक तिला २५ मीटरांवर नेते. परंतु वेग एक-सप्तमांशाने वाढला की ओढण्याचे बळ एक-अष्टमांशाने घटते. बारीक लाकडात हा सौदा फायद्याचा ठरतो. जाड बुंध्यात इंजिन दबते, फेरे कमी होतात आणि मिळवलेला वेगही जातो. सायलेन्सर मोकळा केला की हवा जास्त खेळते. पण तिच्या प्रमाणात पेट्रोल वाढवले नाही तर मिश्रण कोरडे होते आणि इंजिन तापून दट्ट्या धरतो. सायलेन्सरमधली ठिणग्या अडवणारी जाळीही काढून टाकली, तर चैत्र-वैशाखात कोंडाईबारीच्या वाळल्या गवतात काय होईल, हे सांगायला नको.

मग खरी सुधारणा ओळखायची कशी? कानाने नव्हे, घड्याळाने. २० सेंटिमीटर रुंद आणि तितकाच जाड असा एक चौकोनी ओंडका घ्यावा. त्याचा छेद ४०० चौरस सेंटिमीटर होतो. समजा, तो ८ सेकंदांत कापला गेला, तर वेग सेकंदाला ५० चौरस सेंटिमीटर झाला. करवतीवर जोर देऊ नये; तिच्या वजनानेच तिला उतरू द्यावे. एक वेळी एकच बदल करावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आधी जुनी साखळी, मग नवी, पुन्हा नवी आणि शेवटी जुनी, अशा क्रमाने कापावे. कारण ओंडक्याचे एक टोक ओले व दुसरे सुके असते, यंत्र तापत जाते, आणि कापणारा हातही सरावतो. हा क्रम ठेवला नाही तर या साऱ्याचे श्रेय नव्या साखळीला मिळते. असे चार-पाच वेळा करून सरासरी काढावी. सरासरीतला फरक दर खेपेच्या चढउतारापेक्षा मोठा नसेल, तर सुधारणा झाली असे म्हणू नये.

घड्याळाला न दिसणारी एक गोष्ट मात्र उरते, ती माणसाचा जीव. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. १९७० नंतरच्या दशकात साखळी तत्काळ थांबवणारा ब्रेक आला तो यासाठीच. फार घासलेला उंचवटा ही उसळी वाढवतो. म्हणून जी सुधारणा दोन सेकंद वाचवते आणि उसळी वाढवते, ती सुधारणाच नव्हे. आपल्याकडे करवत चालवणारा बहुधा रोजंदारीवरचा गडी असतो. वाचलेले सेकंद मालकाचे आणि गमावलेला हात गड्याचा, असा हिशेब होऊ नये.

झाड तोडण्यावर १९६४ च्या कायद्याने राज्यात बंधने आहेत. सागासारख्या झाडांना परवानगी लागते, आणि करवत कितीही सुधारली तरी ती लागणारच. ती हाती आली की मगच यंत्र बाहेर काढावे. आणि करवत मंद वाटली तर पाना हातात घेण्यापूर्वी कानस घ्यावी, दात व उंचवटा पाहावा, आणि शेजारी एक घड्याळ ठेवावे. बहुतेक वेळा पान्याची गरजच पडणार नाही.