नस वाढू दे, पण वेळेत थांबव!

बाइकवरून पडून हात मोडला तर निदान प्लास्टर घालता येतं. पण पडताना मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे खेचला गेला, तर हाताच्या नसा मज्जारज्जूतून मुळासकट उपटल्या जातात. हाड शाबूत, स्नायू शाबूत, हात मात्र लुळा. सर्जन नस पुन्हा जोडतात, पण ती वाढते रोज जेमतेम १ मिलिमीटर. खांद्यापासून बोटांपर्यंतचं अंतर मोजून बघा! नस पोचेस्तोवर स्नायू वाळतात, मज्जारज्जूतल्या पेशीही मरत राहतात.

नेदरलँड्समध्ये योस्ट फरहागेन यांच्या टीमनं यावर जीन थेरपी आजमावली. निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत नसेत एक जीन सोडायचा. तो जीडीएनएफ नावाचं प्रोटीन बनवतो, म्हणजे नसेचं टॉनिकच. गंमत अशी, की टॉनिक सतत मिळालं तर तंतू तिथंच घुटमळतात, गुंता करून बसतात. घरी आयतं ताट मिळत असताना मेस शोधत कोण फिरेल?

म्हणून त्यांनी जीनला स्विच बसवला. डॉक्सिसायक्लिन दिलं की चालू, थांबवलं की बंद. (हो, पिंपल्सवर डॉक्टर देतात तेच!) २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांना ते महिनाभरच दिलं. जास्त पेशी वाचल्या, तंतू लांबवर पोचले. मात्र बंद केलेला स्विचही किंचित 'गळत' होता. त्यामुळे माणसांवर इतक्यात नाही, हे संशोधकांनीच तेव्हा सांगून टाकलं.