जोंधळ्याचं धाट गोड कसं?

हुरड्याच्या दिवसांत शेतात गेलात, तर जोंधळ्याचं एक धाट मोडून घ्या. साल सोला, पेर दाताखाली धरा आणि चोखा. काही जातींचं धाट चक्क उसासारखं गोड लागतं! (अगदी कोवळं रोप मात्र तोंडात घालू नका, ते विषारी असतं. गुरांनासुद्धा घालत नाहीत.)

गोड लागणारच, ऊस आणि जोंधळा चुलतभाऊ ना! भात, गहू, मका, बाजरीही त्यांच्याच भावकीतली. सगळी गवताची पोरं. कोट्यवधी वर्षांपूर्वी सगळ्यांचा पणजोबा एकच होता.

हे नातं दिसतं कुठे? सजीवांच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला एक लांबलचक मजकूर असतो, त्यात. भाताचा साधारण ४० कोटी अक्षरांचा, मक्याचा २३० कोटींचा. आणि गव्हाचा? १६०० कोटी! तुमचा-माझा जेमतेम ३०० कोटींचा. म्हणजे पोळी खाणाऱ्यापेक्षा पोळीचाच मजकूर पाचपट मोठा!

आता खरी गंमत. दादर, ठाणे, कल्याण, कर्जत, लोणावळा... पुण्याला जाताना स्टेशनांचा हा क्रम बदलतो का? तशीच भाताच्या मजकुरात ओळीनं जनुकं, म्हणजे कामाची वाक्यं आहेत. गव्हात बघावं, तर लांबच लांब पट्ट्यांत तीच स्टेशनं, त्याच क्रमानं! मधे कुठे रूळ उलटे बसलेत, कुठे एखादा फाटा दुसरीकडे जोडलाय, पण ओळख पटते. इंग्लंडमधल्या नॉरिचच्या शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये या भावंडांचे नकाशे वर्तुळात वर्तुळ असे मांडले आणि क्रम जुळलेला दाखवला.

मग गहू एवढा फुगला कसा? एक तर त्याच्यात तीन गवतं एकत्र आलीत. शिवाय दोन स्टेशनांच्या मधे रान माजलंय. हे रान म्हणजे स्वतःच्या नकला काढत इकडून तिकडे उड्या मारणारे तुकडे. शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी असे उड्या मारणारे तुकडे मक्यात पकडले, तेही दाण्यांवरच्या रंगीत ठिपक्यांवरून! त्यासाठी त्यांना १९८३ मध्ये नोबेल मिळालं.

ऊस तर महागुंतागुंतीचा. जोंधळ्यात गुणसूत्रं, म्हणजे मजकुराचे खंड २०, आजच्या उसात शंभराच्या वर. या जंजाळात शिरायचं कुठून? शास्त्रज्ञांनी चुलतभावाचा, म्हणजे जोंधळ्याचा नकाशा समोर ठेवला, त्याच्याशी उसाचे तुकडे ताडून पाहिले आणि २०१८ मध्ये उसाचा पहिला मोठा मजकूर जुळवला.