नसांची डागडुजी करणाऱ्या पेशी

जानेवारी २०२५मध्ये पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या परिसरात ‘जीबीएस’चे, म्हणजे गुलेन बारी सिंड्रोमचे, रुग्ण एकामागून एक दाखल होऊ लागले. आधी जुलाब, काही दिवसांनी पायांना मुंग्या, मग जिना चढताना गुडघे लटपटणे. काहींना थेट व्हेंटिलेटर लागला. मेंदू शाबूत, स्नायूही शाबूत. बिघाड होता तो दोघांना जोडणाऱ्या मज्जातंतूंत.

बहुतेक मोठ्या तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. ते गुंडाळतात श्वान पेशी. हे नाव थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञावरून आले, कुत्र्याशी त्याचा संबंध नाही. एक पेशी तंतूचा जेमतेम मिलिमीटरभर तुकडा सांभाळते. कमरेपासून पावलापर्यंत एकाच तंतूवर अशा शेकडो पेशी ओळीने बसलेल्या असतात. दोन पेशींमध्ये बारीक फट राहते आणि संदेश फटीफटीवर उड्या मारत सेकंदाला पन्नास मीटरहूनही वेगाने जातो. आवरण नसलेल्या बारीक तंतूंत हाच वेग एक-दोन मीटर असतो. मोठ्या तंतूचे आवरण उखडले, की संदेश रेंगाळतो किंवा वाटेतच विरतो.

श्वान पेशी ग्लिया कुळातल्या. ग्लिया म्हणजे ग्रीक भाषेत सरस. १८५६ साली रुडॉल्फ फिरखो यांनी हे नाव दिले, तेव्हा न्यूरॉन चिकटवून ठेवणे एवढेच या पेशींचे काम मानले जाई. मेंदूतही ग्लिया आहेत, जवळपास न्यूरॉनइतक्याच. त्या कचरा उचलतात, रसायनांचा तोल राखतात.

पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडला. या जंतूच्या पृष्ठभागावरचे काही घटक नसांवरच्या घटकांसारखे असतात. प्रतिकारशक्ती फसते आणि जंतूसोबत नसांवरही तुटून पडते. कुणाच्या आवरणावर, कुणाच्या थेट तंतूवर.

‘इंजेक्शनं देऊन आठवडा झाला, पाय का हलत नाही?’ हा नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न, आणि तो रास्तच आहे. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणे हे उपचार हल्ला आवरतात. उखडलेले आवरण मात्र श्वान पेशींनाच पुन्हा गुंडाळावे लागते. त्या नव्याने विभागतात, जुना कचरा काढतात, मग एकेक वेढा देतात. नवे आवरण मूळच्यापेक्षा पातळ असते, पण चालते. याला आठवडे, कधी महिने लागतात. तंतूच तुटला असेल तर त्याहून जास्त. तोवर सांधे आखडू नयेत म्हणून फिजिओथेरपी चुकवू नये.

जुलाबानंतर दोन्ही पायांतली ताकद कमी होत वर सरकत असेल, गिळताना ठसका लागत असेल किंवा आवाज बदलला असेल, तर त्याच दिवशी आयसीयू असलेले रुग्णालय गाठावे. हे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले, तर अधिक उपयोगी पडतात.