टायर मोठे, एक्सल तेच: काळ्या रानातल्या जीपबद्दलचे गैरसमज

पालम तालुक्यातली गोदाकाठची भारी काळी जमीन मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की अशी होते, की वाफसा येईपर्यंत पांदणीतून मोटारसायकलही धड जात नाही. शेतरस्त्यांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली, तरी मुख्य रस्ता सोडून आखाड्यापर्यंतचा शेवटचा तुकडा अनेकांना आजही चिखलातूनच काढावा लागतो. त्यामुळे जुनी महिंद्रा जीप, जिप्सी किंवा थार घेणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो मोठ्या टायरचा. टायर मोठे टाकले की गाडी कुठेच फसत नाही, आणि एक्सल तुटलाच तर भंगारातून जाड एक्सल आणून बसवता येतो, ही समजूत त्यातूनच पक्की झाली आहे. या समजुतीचे दोन्ही अर्धे तपासून पाहायला हवेत. हातात पैसा कमी असेल तर आधी एक्सल शोधायचा नसतो. काम भागेल असा लहानात लहान टायर आधी ठरवायचा असतो, कारण एक्सलवर किती भार येणार हे मुख्यतः तिथेच ठरते.

मोठ्या टायरने नेमके काय मिळते? २०१० साली आलेल्या थारच्या सीआरडीई गाडीला २३५/७० आर१६ मापाचे टायर होते. त्यांचा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर, म्हणजे २९ इंच भरतो. त्या जागी ३३ इंची टायर बसवला तर व्यास चार इंचांनी वाढतो, पण डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून दोनच इंच वर उचलला जातो, कारण चाकाच्या मध्यापासून खालची अर्धीच वाढ उपयोगी पडते. तरीही हे दोन इंच मोलाचे आहेत. पाटे उंच केले की गाडी खाली टेकत नाही, असा दुसरा एक समज आहे. पाटे उंच केल्याने बॉडी आणि चासी वर जाते. एक्सल जिथल्या तिथेच राहतो. अखंड एक्सलच्या गाडीत चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला घासतो तो डिफरन्शियलचा गोळा, आणि त्याला वर उचलण्याचे काम फक्त टायर करतो. त्यामुळे मोठ्या टायरची मागणी सरसकट चुकीची म्हणता येत नाही. त्या दोन इंचांची किंमत कोणता भाग मोजतो, हे मात्र पाहिलेच पाहिजे.

चाकाने जमिनीला दिलेला रेटा गुणिले चाकाची त्रिज्या, एवढा पीळ एक्सलच्या दांड्यावर येतो. २९ इंचांवरून ३३ इंचांवर गेलो की तेवढ्याच रेट्यासाठी जवळपास १४ टक्के जास्त पीळ लागतो. ब्रेकचेही तेच होते: पायाचा दाब तोच, पण गाडी थांबवणारा जोर साधारण १२ टक्क्यांनी कमी. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी खरी ६८ च्या पुढे असते. यात टायरचे वाढलेले वजन अजून धरलेलेच नाही. जड टायरचा बहुतेक भार कडेला असतो. असे चाक एकदा वेगात फिरू लागले की ते अचानक थांबवताना दांड्याला बसणारा हिसका फार मोठा असतो.

एक्सल चिखलात तुटतात ही समजूत इथेच तपासता येते. ओल्या काळ्या मातीत पकडच इतकी कमी असते, की दांडा तुटण्याइतका पीळ साठण्याआधी चाक घसरून मोकळे फिरते. दांडा तुटतो तो त्यानंतरच्या क्षणी: अ‍ॅक्सिलरेटर दाबून फिरवलेले चाक चिखलाखालच्या दगडाला किंवा मुरमाच्या कडेला लागते, पकड एकदम मिळते आणि फिरत्या चाकाची सगळी ताकद त्या दांड्यावर आदळते. पुढच्या चाकांचा जॉइंट तर स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना सर्वांत कमजोर असतो. म्हणून चाक सरळ करून, पहिल्या लो गिअरमध्ये, हळू रेटा देणे ही एक्सलची सर्वांत स्वस्त मजबुती आहे. डिफरन्शियल वेल्ड करून दोन्ही चाके कायमची जखडण्याचा उपाय अनेक जण स्वस्त म्हणून सुचवतात. साध्या डिफरन्शियलमध्ये घसरणाऱ्या चाकामुळे दुसऱ्या दांड्यावरचा भारही मर्यादित राहतो. वेल्ड केल्यावर ती मर्यादा जाते आणि पकड असलेल्या एकाच चाकाच्या दांड्यावर सगळा पीळ येऊ शकतो. शिवाय डांबरी रस्त्यावर प्रत्येक वळणाला टायर घासतात आणि दांडे पिळले जातात. वेल्ड करून जो पैसा वाचतो तो पुढे दांड्यांवर जातो.

यावर रास्त आक्षेप असा, की ट्रॅक्टरचे टायर तर माणसाच्या छातीएवढे असतात, मग त्याचा एक्सल का टिकतो? उत्तर त्याच्या रचनेत आहे. ट्रॅक्टरमध्ये वेग कमी करण्याचे आणि पीळ वाढवण्याचे शेवटचे मोठे काम डिफरन्शियलच्या पुढे, चाकाजवळच्या बुल गिअरमध्ये किंवा प्लॅनेटरी गिअरमध्ये होते. त्यामुळे डिफरन्शियलला त्या मानाने कमी पीळ सोसावा लागतो आणि पूर्ण भार फक्त चाकाकडच्या मुद्दाम जाड केलेल्या दांड्यावर येतो. जर्मनीचा युनिमोग ट्रकही याच तत्त्वावर चालतो. जीपमध्ये हे काम डिफरन्शियलमधल्या क्राऊन-पिनियनच्या गिअरवर संपते; तिथून चाकापर्यंत पूर्ण पीळ एका सडपातळ दांड्याने वाहून न्यायचा असतो. आइसलंडमध्ये ३८ इंच आणि त्याहून मोठ्या टायरच्या जीपा बर्फावरून चालतात, हेही उदाहरण दिले जाते. त्या गाड्यांचे क्राऊन-पिनियन बदललेले असतात आणि टायरमधली हवा पाच पीएसआयच्याही खाली आणलेली असते. बर्फावर त्या तरंगतात त्या हवा कमी केल्याने; मोठा टायर ती कमी हवा झेलण्यासाठी असतो.

हवेचा मुद्दा पालमच्या मातीला थेट लागू पडतो. टायर जमिनीवर साधारण आतल्या हवेच्या दाबाएवढाच दाब टाकतो. ३२ पीएसआयवरून १८ वर आणले तर टायरचा ठसा लांबतो आणि मऊ जमिनीत तो कमी रुततो. खर्च फक्त पुन्हा हवा भरणाऱ्या छोट्या पंपाचा. अरुंद टायर चिखल कापून खालच्या कडक थरावर पोचतो, हे मुरमाड भागात खरे आहे. गोदाकाठच्या खोल काळ्या जमिनीत असा कडक थर जवळ सापडतोच असे नाही, म्हणून इथे लांब ठसा जास्त कामाचा. मात्र हवा कमी केलेल्या गाडीने वेग धरू नये, अचानक वळू नये आणि डांबरी रस्त्याला लागताच हवा भरावी, नाहीतर टायर रिंगवरून उतरतो.

एवढे करूनही मोठा टायर लागतोच असे ज्याचे काम असेल, त्याने खर्चाचा क्रम नीट लावावा. एक्सलचा ब्रीदर नळी लावून उंच घेणे सर्वांत आधी, कारण तापलेला एक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. तेल दुधाळ होऊन बेअरिंग आणि पिनियन खराब होतात. हे काम थोडक्या पैशांत होते. त्यानंतर हबचे बेअरिंग, यू-बोल्ट आणि ब्रेक. मग क्राऊन-पिनियनचे गुणोत्तर: ते ४.१ असेल तर १४ टक्के मोठ्या टायरसाठी ४.७ च्या आसपासचे हवे, म्हणजे क्लच आणि इंजिनवरचा ताण पूर्वीसारखा होतो. दांड्यावरचा भार त्याने कमी होत नाही, आणि जास्त गुणोत्तराचा पिनियन बारीक असतो, हेही लक्षात ठेवावे. पुढचे आणि मागचे गुणोत्तर सारखेच हवे, नाहीतर फोर-बाय-फोर लावताच ट्रान्सफर केसमध्ये ताण साठतो.

दांडा येतो तो यानंतर. पिळाविरुद्धची त्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते: दांडा १० टक्के जाड केला की ताकद ३३ टक्क्यांनी वाढते. हे ऐकून अनेक जण लेथवर जाड दांडा कातून घेतात. पण नुसत्या जाडीने भागत नाही. कंपनीचा दांडा इंडक्शन हार्डनिंग केलेला असतो; साध्या पोलादाचा, उष्णतेची प्रक्रिया न केलेला जाड दांडा त्याच्याहून आधी पिळतो. ईएन२४ सारख्या मिश्र पोलादाचा, नीट हार्डनिंग केलेला, मूळ मापाचाच दांडा पुष्कळदा पुरतो, आणि त्यासाठी हाऊसिंगला हातही लावावा लागत नाही.

भंगारातला जाड एक्सल स्वस्त वाटतो तो फक्त विकत घेताना. त्याची रुंदी, पाट्यांच्या बैठकांमधले अंतर, गोळा डावीकडे आहे की उजवीकडे, पिनियनचा कोन आणि ब्रेकचे माप जुळवावे लागते. प्रोपेलर शाफ्ट कापून जोडावा लागतो. हाऊसिंगच्या नळीवर बेतालपणे वेल्डिंग केले की उष्णतेने ती वाकते आणि नवे बेअरिंगही थोड्याच दिवसांत ओरडू लागते. पूर्ण फ्लोटिंग एक्सल मात्र खरोखर फायद्याचा आहे: त्यात गाडीचे वजन हबच्या बेअरिंगमधून हाऊसिंगवर जाते आणि दांड्याने फक्त पीळ सोसायचा असतो. अर्ध-फ्लोटिंग एक्सलमध्ये वजनही दांड्यावरच असते, त्यामुळे तो तुटला तर चाकच निखळून पडू शकते. कोणी एक्सल बदलणारच असेल तर याच कारणासाठी बदलावा.

कायद्याचाही एक गैरसमज आहे, की रंग आणि इंजिन सोडून बाकी काहीही बदलता येते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद केली. अपघात झाल्यावर विमा कंपनी हाच बदल पुढे करू शकते. म्हणून आपल्या मॉडेलसाठी कंपनीने मान्य केलेल्या मापांतला सर्वांत मोठा टायर आधी पाहावा, आणि त्यापलीकडे जायचे असेल तर टायर घेण्याआधीच परभणीच्या आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करावी.