काडतुसाचे बूड काय सांगते?

नाण्यावर जसे टांकसाळीचे चिन्ह आणि साल असते, तसेच ते लष्करी काडतुसाच्या बुडावरही असते. सैन्याने नवी बंदूक स्वीकारली की जुन्या काडतुसांचे साठे शिल्लक उरतात. ते ठेवायचे, विकायचे की नष्ट करायचे, हे ठरवताना तज्ज्ञ आधी हे बूड वाचतात.

दोन्ही महायुद्धांत वापरलेले 'थ्री-नॉट-थ्री'चे काडतूस पाहू. हे नाव बंदुकीच्या नळीच्या व्यासावरून आले. तो ०.३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर असतो. बुडावर इंग्रजी 'के' आणि 'एफ' ही अक्षरे व त्यांच्यामध्ये बाण असेल, तर काडतूस पुण्याजवळच्या खडकीचे. तेथील कारखाना १८६९ साली सुरू झाला. '४३' म्हणजे १९४३ साल. रोमन सात म्हणजे १९१० साली स्वीकारलेला सातवा नमुना. त्याची टोकदार गोळी सुमारे ११.३ ग्रॅमची. मधल्या टोपीभोवती रंगाचे कडे असते. जांभळे कडे साध्या गोळीचे, हिरवे चिलखतभेदी गोळीचे, तर तांबडे वाटेत प्रकाशरेषा सोडणाऱ्या गोळीचे.

पण जन्मसालावरून प्रकृती कळत नाही. ती साठवणुकीवर अवलंबून असते.

आतली दारू म्हणजे कॉर्डाइट. त्यात नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि थोडे व्हॅसलीन असते. गनकॉटनचे हळूहळू विघटन होते व उष्णतेने ते वाढते. व्हॅसलीन नळीला वंगण म्हणून घातले होते. पण ते विघटनालाही आवर घालते, असे पुढे आढळले.

कोश पितळेचा असतो. ब्रिटिश अमदानीत भारतात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांचे कोश आपोआप तडकत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि थंड अवस्थेत ठोकून आकार दिल्यामुळे पितळेत राहिलेला ताण, या दोघांचा हा परिणाम होता. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ साली हे कारण मांडले. कोश बेताचा तापवला की ताण सैल होतो, हा त्यावरचा उपाय.

जुन्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते. हे मिठाचे भावंड हवेतील ओलावा ओढते आणि नळी गंजवते. अशी काडतुसे वापरणाऱ्याला नळी लगेच पाण्याने धुवावी लागते. साहजिकच त्यांना भाव कमी मिळतो.

म्हणून एकाच कारखान्याच्या, एकाच सालच्या दोन पेट्यांचे मोल सारखे नसते. कोरड्या कोठारातली सीलबंद पेटी उपयोगाची ठरते. दमट जागी राहिलेली पेटी नष्ट करावी लागते.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. जुने म्हणजे निकामी नव्हे. शेतात, माळ्यावर किंवा भंगारात काडतूस दिसले, तर बूड वाचण्यासाठीसुद्धा ते उचलू नका, घासू नका, ठोकू नका. मोठ्या माणसांना सांगून पोलिसांना कळवा. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणे हा गुन्हा आहे. बूड वाचण्याची हौस संग्रहालयातील काचेच्या कपाटापुढे उभे राहून भागवा.