एल्फ कोणाचे, राक्षस कोणाचे? ऑनलाइन खेळांतल्या पुराणांची भांडणं

आंबिवलीत व्याख्यान आणि विषय ऑनलाइन खेळांतले एल्फ, ऑर्क आणि ड्वार्फ, हे ऐकून पुढच्या रांगेतली काही ज्येष्ठ मंडळी एकमेकांकडे पाहताहेत. म्हणून आपण आधी एक स्टेशन पुढे जाऊ. टिटवाळ्याला.

तिथल्या महागणपतीची कथा तुम्हाला आमच्यापेक्षा चांगली माहीत आहे. कण्वमुनींचा आश्रम इथेच होता, दुष्यंताने ओळख विसरल्यावर शकुंतलेने या गणपतीची आराधना केली आणि तिचा संसार पुन्हा जुळला. लग्न ठरावं म्हणून लोक तिथे जातात ते याच श्रद्धेनं. आता महाभारत उघडा. तिथे कण्वांचा आश्रम हिमालयाच्या बाजूला, मालिनी नदीच्या काठी आहे. दुर्वासांचा शाप नाही, अंगठीही नाही. दुष्यंताला सगळं आठवतंय, पण लोक काय म्हणतील या भीतीनं तो भर दरबारात बायकोला नाकारतो. शाप आणि अंगठी येतात ती कालिदासाच्या नाटकात. त्यामुळे राजा सुटतो, दोष शापाच्या माथी जातो. आणि काळू नदीकाठचा गणपती या दोन्हींत कुठेच नाही. तरीही अंगारकीला टिटवाळा लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. तिन्ही कथा एकाच वेळी नांदतात आणि कोणाचं काही अडत नाही.

ऑनलाइन खेळात मात्र अडतं. खेळाडू ज्याला 'लोर' म्हणतात ते त्या खेळाचं स्थलपुराण: कोणतं राज्य कोणी वसवलं, कोणाचं कोणाशी वैर, कोण मेलं, कोण जिवंत. पण त्याला मालक आहे, आणि हजारो लोक एकाच वेळी एकाच जगात वावरतात. राजवाड्याच्या दारात एखादा सरदार उभा असतो किंवा नसतो. पाठभेदाला तिथे फारशी जागा नाही. म्हणून 'खरं काय' यावर भांडावं लागतं.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा खेळ नोव्हेंबर 2004 मध्ये आला. जानेवारी 2007 च्या विस्तारात ड्रेनाय नावाचा नवा वंश खेळाडूंना मिळाला आणि त्याच्यासाठी जुनं पुराण फिरवलं गेलं. आधीच्या वॉरक्राफ्टच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की एरेडार नावाच्या दुष्ट मांत्रिकांशी लढता लढता सार्गेरास हा देवतुल्य वीर बिघडला. नव्या कथेत उलटं झालं: सार्गेरासनं एरेडारांना बिघडवलं, आणि जे निसटले ते ड्रेनाय. चाहत्यांनी जुनी पुस्तिका समोर धरली. मुख्य कथाकार ख्रिस मेट्झन यांनी मोकळेपणानं कबूल केलं की आधीचं आपणच लिहिलं होतं आणि विसरलो. नवी कथा मात्र तशीच ठेवली. मागाहून इतिहास बदलण्याच्या या प्रकाराला 'रेटकॉन' म्हणतात. आपल्याकडचा 'प्रक्षिप्त' हा शब्द जवळचा आहे, पण प्रक्षिप्त श्लोक कोणी घातला हे सहसा कळत नाही. इथे घालणारा पगारी असतो आणि त्याचं नाव श्रेयनामावलीत असतं.

कधी चाहते जिंकतातही. 2010 च्या ब्लिझकॉन संमेलनात लाल सदरा घातलेल्या एका तरुणानं विचारलं, ड्वार्फांच्या नव्या परिषदेत फाल्स्टॅड का नाही? मंचावरून शंका आली, तो मेला ना? तरुण म्हणाला, नाही, तो जिवंत आहे. पुढे खेळात फाल्स्टॅडला जागा मिळाली आणि त्याच्या शेजारी लाल सदऱ्यातला एक ड्वार्फ उभा राहिला. त्याचं पदनाम 'वाइल्डहॅमर फॅक्ट चेकर'. (हशा)

हसण्यासारखं आहेच. पण इतकं जिवावर का घ्यायचं, हा प्रश्न आम्हाला पालक हमखास विचारतात. कादंबरी तुम्ही वाचता. या खेळात तुम्ही एक वंश निवडता आणि त्या देहानं वर्षानुवर्षं वावरता. मित्र तुम्हाला त्याच नावानं हाक मारतात. त्या वंशाचा इतिहास बदलला की तुमचंच काहीतरी बदललेलं असतं. आणि सगळ्यात कडवी भांडणं होतात ती 'खेळायला मिळणारे वंश' कोणते, यावर. हाय एल्फ पाहा. अलायन्स पक्षाचे खेळाडू वर्षानुवर्षं ते मागत होते. कंपनी म्हणायची, होर्डकडचे ब्लड एल्फ म्हणजे तेच लोक, हवे असतील तर तिकडे या. शेवटी 2018 मध्ये व्हॉइड एल्फ नावाचा वेगळाच वंश दिला, आणि 2020 मध्ये त्यांना साधे त्वचारंग दिले, म्हणजे ज्याला हवं त्यानं हाय एल्फसारखं दिसावं. पुराणाचा हवाला दोन्ही बाजू देत होत्या. खरा वाद होता: आत कोणाला घ्यायचं, आणि हे ठरवणार कोण?

हा वाद मराठी माणसाला नवा नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं 1919 ते 1966 या काळात 1,259 हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तीत 'मी सूताला वरणार नाही' हे द्रौपदीचं वाक्य मुख्य पाठातून गेलं, तळटीपेत बसलं. वरवर पाहता ही पाठचिकित्सा. पण कर्णावर प्रेम करणाऱ्या वाचकासाठी, आणि 'मृत्युंजय' वाचून मोठी झालेली पिढी इथे बसली आहे, प्रश्न हस्तलिखितांचा उरत नाही. जन्मावरून एकाला पणाबाहेर काढलं की नाही, हा उरतो.

इथे शब्दांचं थोडं बघू. 'रेस'ला आम्ही वंश म्हणतो आहोत. पण जन्माबरोबर ठरलेले गुण, ठरलेलं काम, ठरलेले शत्रू हे सगळं ऐकून आपल्या मनात कोणता शब्द येतो ते सांगायला नको. वॉरक्राफ्टमध्ये 2009 पासून पैसे भरून वंश बदलता येतो, ही सोय आपल्याकडे अजून नाही. ऑर्क जन्मतःच दुष्ट का, हे खुद्द टोल्किन यांना आयुष्यभर नीट सोडवता आलं नाही. या सगळ्या खेळांचा आजोबा असलेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सनं 2020 मध्ये वंशाला चिकटलेले गुणांक हवे तिथे हलवायची मुभा दिली, आणि 2024 च्या पुस्तकात 'रेस' हा शब्दच काढून 'स्पीशीज' केला. काही चाहते चिडले: सगळे सारखे झाले तर एल्फ निवडायचा कशाला? ही तक्रार आम्ही उडवून लावणार नाही. वेगळेपण हवंसं वाटणं आणि जन्मावरून पायरी ठरवणं या दोन गोष्टी खेळाच्या तक्त्यात एकाच रकान्यात बसतात, त्या वेगळ्या करणं सोपं नाही.

आणि आता हे तक्ते आपल्या नावांनी भरू लागलेत. वॉरक्राफ्टमधले नाग हे बिघडलेले एल्फ, बहुतेक वेळा शत्रू. बत्तीस शिराळ्याच्या माणसानं ते पाहून काय म्हणावं? डंजन्स अँड ड्रॅगन्समधला राक्षस वाघाच्या तोंडाचा, उलट्या तळव्यांचा, मुळातच दुष्ट. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीनं ऑक्टोबर 2024 मध्ये आणलेल्या 'इंडस'च्या कथेत यक्ष आहेत. उद्या इथलीच कोणी मुलं मोठा ऑनलाइन खेळ करतील आणि राक्षस हा निवडण्याजोगा वंश ठेवतील. तेव्हा त्यांना घटोत्कचाचं काय करायचं ते ठरवावं लागेल. आई हिडिंबा, बाप भीम, पांडवांच्या बाजूनं लढून मेलेला. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये अशांसाठी हाफ-ऑर्क, हाफ-एल्फ असे रकाने होते; 2024 च्या पुस्तकात तेही स्वतंत्रपणे उरले नाहीत, आणि त्यावरही भांडण चालूच आहे. घटोत्कचाला राक्षसात धरायचं की माणसात, यावर मागच्या रांगेतल्या मुलांचं काय म्हणणं आहे? माईक तिकडे द्या.