हाताळायचा की नुसता बघायचा?

ह्यूस्टनमधल्या आमच्या घरात साप आहेत म्हटलं की गावाकडचे नातेवाईक लांबूनच हात जोडतात. नवा साप घेणाऱ्याला मी आधी विचारते, हाताळायचाय की नुसता बघायचाय? कॉर्न स्नेक बोटांतून सारखा सरकत राहतो, पण स्वभावाने गरीब. लांबी ४-५ फूट. बॉल पायथन हा आफ्रिकेतला बुटका, जाडजूड अजगर. घाबरला की वेटोळ्यात डोकं लपवतो, एरवी मांडीवर निवांत पडतो. मात्र कधीकधी महिनोन्महिने जेवत नाही, आणि जीव टांगणीला लागतो तो मालकाचा! ग्रीन ट्री पायथन देखणा, पण फांदीवरच बरा. खाल्ल्यावर दोन दिवस कुठल्याच सापाला उचलू नये. भारतात मात्र नाग, धामण, अजगर घरात पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.